आजचा मुरूम कधीचा?

आज सकाळी आरशात दिसलेला मुरूम आजचा नसतो. त्वचेच्या आत त्याने काही आठवडे आधीच, कधीकधी दोन महिने आधीही, धरायला सुरुवात केलेली असते. फेब्रुवारीत बारावीच्या पहिल्या पेपरला निघालेल्या मुलीच्या हनुवटीवर ठणकणारा फोड दिसतो, तेव्हा त्याची सुरुवात डिसेंबर-जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या धावपळीत कधीतरी झालेली असते. घरात मात्र त्याचा दोष काल संध्याकाळी स्टेशनबाहेर खाल्लेल्या वडापावावर जातो. नाहीतर “तुझं पोट साफ होत नाही” हे ठरलेलं वाक्य येतं. तेही लागू पडेना झालं की “टेन्शन घेतेस ना, म्हणून” असं म्हणून विषय संपवला जातो.

या तिन्ही बोलण्यांत थोडं थोडं तथ्य आहे. पण कशात किती, कोणत्या वाटेने आणि किती दिवसांनी, हे समजून न घेता ती बोलली गेली, की चेहऱ्यावर आधीच फोड घेऊन वावरणाऱ्या मुलावर आपण अपराधाचं ओझंही टाकतो. ते मला मुरमापेक्षा जास्त त्रासदायक वाटतं. म्हणून आधी त्वचेत काय घडतं ते पाहू, मग पोटाकडे आणि मनाकडे जाऊ.

चेहरा, छाती, पाठ, खांदे इथे केसांच्या मुळांशी तेलाच्या बारीक ग्रंथी दाटीने असतात. त्या जो तेलकट स्राव पाझरवतात त्याला सीबम म्हणतात. वयात येताना अँड्रोजेन ही संप्रेरकं वाढतात. मुलांमध्ये ती जास्त असतात, पण मुलींमध्येही असतातच. त्यांच्यामुळे या ग्रंथी मोठ्या होतात. त्याच सुमारास केसाच्या नळीतल्या जुन्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटू लागतात. तेल आणि पेशी मिळून नळीत बूच बसतं. ते इतकं बारीक असतं की कित्येक दिवस कुणाला दिसत नाही. पुढे त्याचं तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड होतो. तो काळा असतो, पण मळामुळे नव्हे, म्हणून कितीही घासला तरी धुऊन जात नाही. तोंड बंद राहिलं तर पांढुरकी बारीक पुटकुळी होते. आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू वाढतो. २०१६ पर्यंत त्याचं नाव प्रॉपिऑनिबॅक्टेरियम होतं. तो आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर नांदतो. पण कोंडलेल्या जागी तो आणि त्याचे स्राव शरीराच्या संरक्षक पेशींना चेतवतात. मग सूज, लाली, दुखणं, पू हे सगळं येतं आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर महिनोन् महिने राहणारा काळा डागही मागे उरतो.

तेल, चिकटणाऱ्या पेशी, जिवाणू आणि दाह या चार गोष्टी एकत्र आल्याशिवाय मुरूम होत नाही. त्या एकत्र याव्यात हे बऱ्याच अंशी वय आणि आनुवंशिकता ठरवतात. आईवडिलांना तरुणपणी खूप मुरूम आले असतील तर मुलांना येण्याची शक्यता वाढते. सुश्रुतसंहितेने मुखदूषिका हा विकार क्षुद्ररोगांत घातला आहे आणि तरुणांच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या या पुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. कारण म्हणून तिथे कफ, वात आणि रक्त यांची नावं आहेत. “पोटातली घाण चेहऱ्यावाटे बाहेर पडते” हा ठाम निकाल नंतरचा, घरगुती आहे. आतडं आणि केसाची नळी यांना जोडणारी कोणतीही मोरी शरीरात नाही. पोटातून चेहऱ्यापर्यंत जे पोचतं ते रक्तातून पोचतं, संप्रेरकांच्या आणि दाह वाढवणाऱ्या रेणूंच्या रूपात. पोट आणि मन या दोघांचा खरा संबंध इथून सुरू होतो.

हा संबंध पहिल्यांदा नीट मांडला तो १९३० साली, पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या जॉन स्टोक्स आणि डोनाल्ड पिल्सबरी या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी. चिंता आणि खिन्नतेमुळे आतड्यातले जिवाणू बदलतात, आतड्याचं अस्तर पाझरू लागतं आणि त्यातून उठलेला दाह त्वचेपर्यंत जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. उपाय म्हणून त्यांनी लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस जिवाणूंचं विरजण सुचवलं होतं. त्या काळी हे तपासायची साधनं जवळजवळ नव्हती. १९६१ मध्ये रॉबर्ट सायव्हर या डॉक्टरने ३०० रुग्णांना अशा जिवाणूंच्या गोळ्या दिल्या आणि सुमारे ८० टक्क्यांना फरक पडल्याचं लिहिलं. पण गोळी न घेतलेल्या रुग्णांचा गट तुलनेला ठेवलेला नव्हता. मुरूम मुळात वरखाली होत राहणारा विकार आहे, त्यामुळे अशा आकड्यावरून फारसं ठरवता येत नाही.

१९६९ मध्ये अमेरिकेत ६५ जणांवर चॉकलेटचा प्रयोग झाला आणि त्यावरून खाण्याचा मुरमांशी संबंध नाही असा निष्कर्ष निघाला. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या तेच शिकल्या. त्या प्रयोगात तुलनेसाठी दिलेल्या बिनचॉकलेटच्या वडीत साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढेच होते, हे लक्षात घ्यायला बराच काळ गेला.

खाण्याचा प्रश्न परत उभा राहिला तो साखरेच्या बाजूने. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वर्षांच्या ४३ मुलग्यांवर १२ आठवडे एक प्रयोग झाला. एका गटाला रक्तातली साखर सावकाश वाढवणारा, प्रथिनं जास्त असलेला आहार दिला आणि दुसऱ्याला नेहमीचा. पहिल्या गटाचे मुरूम दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त कमी झाले. यामागची यंत्रणा बरीचशी समजलेली आहे. मैदा, साखर, पॉलिश केलेला तांदूळ असं काही खाल्लं की रक्तातली साखर झरझर चढते, तिला आवरायला इन्शुलिन वाढतं, आणि त्यासोबत आयजीएफ-१ नावाचा वाढीचा घटकही. हे दोघं तेलग्रंथीला जास्त तेल करायला लावतात आणि नळीतल्या पेशी भराभर वाढवतात. शिवाय अँड्रोजेनला रक्तात बांधून ठेवणारं एक प्रथिन इन्शुलिनमुळे कमी होतं, म्हणजे मोकळं अँड्रोजेन वाढतं. वरच्या चारपैकी पहिल्या दोन गोष्टींना हे असं खतपाणी मिळतं.

आता मुंबईच्या उपनगरातल्या एका मुलीचा दिवस डोळ्यासमोर आणू. राहायला बोरिवली, कॉलेज पार्ल्यात, संध्याकाळचा क्लास अंधेरीत. सकाळी साडेसहाला गोड चहा आणि खारी किंवा ग्लुकोजची बिस्किटं, कारण पोळीभाजी त्या वेळी घशाखाली उतरत नाही. दुपारी कँटीनमध्ये समोसापाव, क्लासच्या आधी वडापाव आणि बाटलीतलं थंड पेय. रात्री नऊनंतरच्या गाडीत उभं राहून घर, साडेदहाला जेवण, बारा-साडेबारापर्यंत अभ्यास आणि मोबाइल. घरचे म्हणतात “तेलकट बंद कर.” पण पुरावा तेलापेक्षा पावाच्या मैद्याकडे, चहातल्या साखरेकडे आणि त्या थंड पेयाकडे जास्त बोट दाखवतो. वड्याचं तेल काही चेहऱ्यावर येऊन बसत नाही. आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी, जी आपण हलकी समजतो, तीही जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ असल्याने साखर भराभर चढवणाऱ्यांतली आहे.

म्हणून यातला बदल लहान असला तरी चालतो. सकाळी चहासोबत बिस्किटांऐवजी अंडं किंवा मूठभर शेंगदाणे-फुटाणे. डब्यात मटकीची उसळ, ज्वारी-नाचणीची भाकरी, नाहीतर साधी पोळी आणि भाजी. थंड पेयाच्या जागी बिनसाखरेचं ताक, कोकमाचं पाणी. याने काही आठवड्यांत थोडा फरक पडू शकतो. खूप मुरूम असलेल्याचा चेहरा केवळ भाकरीने स्वच्छ होईल असं मात्र मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

दुधाचं जरा अवघड आहे. गोरेगावची आरे दूध वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली आणि तेव्हापासून मुंबईकर आईच्या मनात दुधाचा पेला म्हणजे मुलाची तब्येत हे समीकरण पक्कं झालेलं आहे. २००५ मध्ये ४७ हजारांवर अमेरिकी परिचारिकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किशोरवयात दूध जास्त प्यायलेल्या स्त्रियांना तेव्हा मुरूम जास्त होते असं त्यात दिसलं, आणि साय काढलेल्या दुधाशी हा संबंध अधिक ठळक होता. पण ती माहिती त्यांनी आठवणीतून दिलेली होती, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. वाढत्या मुलाचं दूध तोडण्याइतका हा पुरावा मजबूत नाही. जिमला जाणाऱ्या मुलग्यांनी मात्र एक गोष्ट तपासावी. व्हे प्रोटीन हे दुधातलंच प्रथिन आहे, आणि ते सुरू केल्यावर पाठीवर, छातीवर फोड उठल्याच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या आहेत. असं झालं तर ती पावडर दोन-तीन महिने थांबवून पाहावी.

ही झाली संप्रेरकांची वाट. आतड्याची दुसरी वाट दाहाची आहे. आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं आणि दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू आपण न पचवलेला चोथा आंबवून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार करतात. त्यांवर अस्तराच्या पेशी जगतात आणि प्रतिकारशक्ती ताळ्यावर राहते. चोथा कमी पडला, झोप बिघडली, प्रतिजैविकं वारंवार घेतली की जिवाणूंची ही वस्ती विरळ होते. चीनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, १३ हजारांवर किशोरांच्या पाहणीत बद्धकोष्ठ, तोंडाला वास, आंबट ढेकर यांसारख्या तक्रारी आणि तेलग्रंथींचे विकार एकत्र आढळले. मुरूम असलेल्यांच्या आतड्यातली जिवाणूंची ठेवण निरोगी माणसांपेक्षा वेगळी असते, असंही तिथल्याच छोट्या अभ्यासांत दिसलं. पोट आणि मुरूम एकत्र आढळतात इतकं यावरून म्हणता येतं. पोटामुळे मुरूम येतो की दोन्ही एकाच दिनचर्येमुळे बिघडतात, हे त्यातून कळत नाही.

प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, गोळ्यांबद्दल अलीकडे चांगले, तुलना-गट असलेले प्रयोग होऊ लागले आहेत. २०२४ मध्ये स्पेनमधल्या ८१ रुग्णांच्या प्रयोगात १२ आठवड्यांनी गोळी घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना सुधारणा दिसली, तर नुसती फसवी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २९ टक्क्यांना. हे आशादायक आहे. पण त्या गोळीत एक विशिष्ट जिवाणू ठरावीक मात्रेत होता. केमिस्टकडे मिळणारी कुठलीही प्रोबायोटिक पुडी तेच करेल असं नाही. घरचं दही-ताक, इडली-डोशाचं आंबवलेलं पीठ, नाचणीची आंबील हे सगळं खावं, कारण ते आपलं चांगलं अन्न आहे. त्यांना मुरमाचं औषध समजू नये.

आणि पोट साफ करण्याची चूर्णं? बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला ढोसून जुलाब करवते. रोज घेतल्याने मुरूम जात नाही, उलट पोटात मुरडा येतो आणि सवय लागते. खरंच बद्धकोष्ठ असेल तर भाज्या, डाळी, पुरेसं पाणी आणि लागलंच तर पाण्याबरोबर इसबगोल हा सौम्य मार्ग आहे.

आता मनाकडे येऊ. “टेन्शनमुळे येतात” हे कुणी सहज बोललं तरी त्यामागे बऱ्यापैकी पुरावा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये २२ विद्यार्थ्यांना परीक्षेआधी आणि परीक्षेच्या काळात तपासलं गेलं. अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा ताण जास्त वाढला त्यांचे मुरूम जास्त बिघडले, आणि झोप व खाणं यांतला बदल हिशेबात घेऊनही हे खरं ठरलं. सिंगापूरमध्ये ९४ शाळकरी मुलांवर असाच अभ्यास झाला, तो २००७ चा. सिंगापूरचं हवामान वर्षभर आपल्यासारखंच दमट, त्यामुळे तो मला मुंबईला जास्त जवळचा वाटतो. तिथेही परीक्षेत मुरूम वाढले. पण मुलांच्या चेहऱ्यावरचं तेल मोजलं तर ते वाढलेलं नव्हतं. म्हणजे ताणाने बहुधा तेलापेक्षा दाह जास्त भडकतो, आतच असलेलं बूच फोड होऊन वर येतं.

हे होतं कसं? ताण आला की मेंदूतून सीआरएच नावाचं संप्रेरक सुटतं आणि त्याच्या आदेशाने पुढे कॉर्टिसॉल वाढतं. सीआरएचला प्रतिसाद देणारे ग्राहक तेलग्रंथीच्या पेशींवरही आहेत, म्हणजे मनाची बातमी त्वचेला थेट कळते. आणि पोटालाही. बेल्जियममधल्या लूव्हन इथे निरोगी माणसांना लोकांपुढे भाषण करायला लावलं गेलं. ज्यांचं कॉर्टिसॉल खरोखर चढलं, त्यांच्या लहान आतड्याचं अस्तर त्या काळात जास्त पाझरतं झालं. हा २०१४ चा अभ्यास. स्टोक्स आणि पिल्सबरी यांनी त्याच्या ८४ वर्षं आधी जे अंदाजाने म्हटलं होतं, त्याची एक कडी इथे माणसात मोजली गेली. मात्र तिथून पुढे चेहऱ्यापर्यंतची साखळी एकाच माणसात सलग दाखवलेली नाही.

समाजमाध्यमांवर एक वाक्य फिरतं, की शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन पोटात बनतं, म्हणून पोट सुधारलं की मन आनंदी. पहिला भाग खरा आहे. पण ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. आतड्याची हालचाल चालवणं हे त्याचं मुख्य काम. पोट आणि मेंदू यांचं बोलणं व्हेगस नावाच्या लांब मज्जातंतूतून आणि प्रतिकारशक्तीच्या रेणूंमधून चालतं. ते खरं आहे, महत्त्वाचं आहे, पण वाक्यात भासतं तितकं सरळ नाही.

मनाकडून त्वचेकडे जाणाऱ्या वाटेइतकीच उलटी वाटही रुंद आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. ब्रिटनमधल्या वैद्यकीय नोंदींचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला. मुरमाचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात नैराश्याचा धोका मुरूम नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के अधिक होता. आपल्याकडे लग्नकार्यात “चेहऱ्याला काय झालं गं?” हे भेटल्याबरोबर विचारलं जातं. मुलगी फोटोत मागे उभी राहू लागते, ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद ठेवते, उकाड्यातही ओढणी तोंडावर बांधून गाडीत बसते. एकटी असली की बोटं आपोआप फोडाकडे जातात, टोकरलं जातं, डाग खोल होतो. झोप जाते, खाणं वेळीअवेळी होतं, आणि आधी सांगितलेल्या पोटाच्या आणि ताणाच्या दोन्ही वाटा परत सुरू होतात. अशा वेळी “टेन्शन घेऊ नकोस” हा सल्ला काहीच करत नाही. रात्री अर्धा-पाऊण तास आधी झोपता येईल असं काही घराने जमवलं, क्लासआधी घरचा डबा दिला, आणि चेहऱ्यावर बोलणं बंद केलं, तर त्याचा उपयोग होतो.

औषधाशिवाय भागणार नसेल तर औषध वेळेवर घ्यावं. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापालीन ही मलमं कित्येक वर्षांच्या अनुभवाची आहेत. फरक दिसायला त्यांना आठ ते बारा आठवडे लागतात, कारण आधीच धरलेली बुचं वर येऊन संपावी लागतात. पंधरा दिवसांत “लागू पडत नाही” म्हणून सोडणारे फार. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं गरजेपुरती, साधारण तीन महिन्यांच्या आतच वापरायची असतात. जास्त घेतली तर जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात आणि ज्या आतड्याची आपण इतकी चर्चा केली तिथलीही वस्ती उद्ध्वस्त होते. मैत्रिणीची उरलेली पट्टी घेऊ नये. आयसोट्रेटिनॉइन ही गोळी जबर मुरमांवर फार प्रभावी आहे, पण गर्भावर तिचे गंभीर परिणाम होतात, म्हणून ती तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय नको. तिच्या काळात मनःस्थितीकडेही घरच्यांचं लक्ष हवं.

सर्वांत जास्त नुकसान एका गोष्टीने होतं असं मी मानते. केमिस्टकडून “पिंपल्सवर काहीतरी द्या” म्हणून घेतलेलं स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम. चार दिवसांत चेहरा उजळ आणि नितळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, केस येतात, आणि क्रीम थांबवताच फोड दुपटीने उसळतात. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बरीच वर्षं मोहीम चालवली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ती चेहऱ्याला लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आधीच महिनोन् महिने लावत असाल तर एकदम बंद करण्याआधीही दाखवा.

दाखवायचं कुठे, तर महागड्या क्लिनिकची गरज नाही. पार्ल्याचं महापालिकेचं कूपर रुग्णालय २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि तिथे त्वचारोग विभाग आहे. घाटकोपर-विद्याविहारकडच्यांनी आधी राजावाडीत चौकशी करावी. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील आणि मुरूम जबड्याच्या कडेने असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. कपाळावर एकसारखे बारीक, खाजणारे दाणे असतील तर ते मुरूम नसून बुरशीचे असू शकतात. डोक्याला तेल थापणाऱ्यांच्या कपाळावरही असे दाणे उठतात. मूल खोलीतून बाहेर पडेनासं झालं, जगण्यात रस उरला नाही असं बोलू लागलं, तर मुरूम बरे होण्याची वाट पाहू नये. मुलुंडकरांना जवळच ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोनवर बोलून मदत करते आणि सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

रुग्णालयात जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, चूर्णाचा डबा आणि प्रोटीन पावडरचं लेबल पिशवीत घालून न्या. मुलींनी मागच्या काही पाळ्यांच्या तारखा लिहून न्याव्यात. डॉक्टरांपुढे मुलाला स्वतःला बोलू द्यावं, आईने मध्येच उत्तर देऊ नये.